मदत हवी आहे: आमच्याच गाण्यावर आमच्यावरच कॉपीराइट क्लेम

नमस्कार भाऊ-ताई, आमची भंडारा जिल्ह्यात खडीगंमतची (आमच्याकडचं लोकनाट्य) पार्टी आहे. दिवाळीनंतर मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, कार्यक्रम राह्यतात पण आता पोट्टे डीजे सांगतात, बाकीचे मोबाइलवर पाहून घेतात, म्हणून आम्ही बी यूट्यूब चॅनल काढलं. तर झालं असं का मंडईत एका शूटिंगवाल्यानं आमचा कार्यक्रम रेकॉर्ड करून त्याच्या चॅनलवर टाकला, व्ह्यूज लय आले, आन आम्ही तेच गाणं आमच्याकडं टाकलं तर क्लेम आमच्यावर! जाहिरातीचा पैसा त्याले. सही-बिही आम्ही कुठंच केली नाही.

शब्द आमच्या शाहीरबुवाचे, वहीत तारखेसकट लिहून आहेत, चाल मात्र जुनीच, सगळेच गातात ते. वहीचे फोटो पुरावा म्हणून चालतात का? यूट्यूबवर डिस्प्यूट (क्लेमवर हरकत) टाकला तर समोरच्याले उत्तराले ३० दिवस राह्यतात, त्यानं नाही म्हटलं तर अपील, आन तिथं हरलो तर चॅनलवर स्ट्राइक (कॉपीराइटचा ठपका), याचीच धास्ती आहे. बुवाले आयपीआरएसमध्ये (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) गीतकार म्हणून मेंबर केलं तर फायदा होते का? आन हो, तो शूटिंगवाला आम्हाले कार्यक्रमाच्या सुपाऱ्या बी मिळवून देते, त्यामुळं भांडताही येत नाही. कोणी यातून गेलं असन तर सांगा ना बाप्पा.