मदत हवी आहे: मुलगा ओरडला की मानेवर फुगा येतो

मंडळी, धाकटा 7 वर्षांचा आहे. गणपतीत आरती संपताना त्याने बेंबीच्या देठापासून "मोरया" ठोकलं आणि गळ्याच्या उजव्या बाजूला, हाडाच्या जरा वर, लिंबाएवढा फुगवटा आला. श्वास घेतला की गायब. दुखत नाही, ताप नाही, बोटाने दाबलं तर मऊ लागतं.

पहिल्या दोन डॉक्टरांकडे मीच वेडी ठरले, कारण तिथे पोरगं तोंड शिवून बसलेलं! शेवटी मोबाइलवर व्हिडिओ काढून नेला. सासूबाईंचं म्हणणं गंडमाळ आहे, लेप लावू. मी लावू दिला नाही, पुढचं इथे नको.

डॉपलर सोनोग्राफी झाली. नाक-तोंड बंद करून फुगा फुगवल्यासारखा जोर लाव म्हणाले, आणि पडद्यावर 9 मिलिमीटरची शीर 18 झाली. रिपोर्ट: उजव्या इंटर्नल जुग्युलर व्हेनचा (डोक्यातलं रक्त खाली आणणारी मानेतली मोठी शीर) फ्लेबेक्टेशिया, म्हणजे ती शीर जास्त फुगणं. गुठळी नाही, छातीचा एक्स-रे साफ.

एक सर्जन म्हणतात काही करू नका, वर्षाने दाखवा. दुसरे म्हणतात सुट्टीत शीर बांधून टाकू. कुणाचं ऐकू? आणि शाळेतली कबड्डी चालू ठेवू का?

प्रतिसाद:
ताई, मी भूलतज्ज्ञ आहे, या शिरेशी माझी रोज गाठ पडते. मोठ्या ऑपरेशनला नळी घालायला आम्ही बहुधा उजवी जुग्युलरच धरतो. बहुतेकांत ती डावीपेक्षा रुंद असते आणि तिथून हृदयाकडची वाट जवळजवळ सरळ. जोर लावला की छातीतला दाब वाढतो, डोक्याकडून उतरणारं रक्त अडतं आणि शीर फुगते. तुमची-माझीही फुगते, त्याची जरा जास्तच. ओरडल्यावर येणारी सूज कधी स्वरयंत्राजवळच्या हवेच्या पिशवीचीही असते, पण डॉपलरमध्ये शीरच फुगताना दिसली, म्हणजे तो प्रश्न मिटला.

मुलांमध्ये हे बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं, नुसतं लक्ष ठेवतात. गुठळी झाली, दुखायला लागलं, भराभर वाढलं किंवा फुगवटा वाईट दिसतो म्हणून मुलाला फारच त्रास झाला, तर बांधण्याचा विचार. त्याआधी दुसऱ्या सर्जनना एवढंच विचारा: डावी बाजू पाहिली का? काहींची डावी जन्मतःच बारीक असते. उजवी बांधली तर डोक्यातलं रक्त उतरायचं मुख्यतः तिच्यातूनच.

फाइलच्या पहिल्या पानावर हे निदान लाल पेनने लिहून ठेवा. पुढे अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं तरी भूल देणाऱ्याला आधी सांगायचं.

प्रतिसाद:
आमच्या भाच्यालाही हेच आहे, आता दहावीत आहे. काही केलं नाही, फक्त वर्षाला सोनोग्राफी. तो कबड्डी खेळतो, पण मानेला मार बसू शकतो म्हणून आम्ही डॉक्टरांना विचारून मगच सोडलं. शाळेत पोरं "बेडूक" म्हणायची, त्याचा त्रास मात्र शिरेपेक्षा जास्त झाला.

भूलतज्ज्ञ पुन्हा:
शांत असतानाही सूज उतरली नाही, कडक किंवा दुखरी झाली, चेहरा सुजला, तर वर्षाची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. रिपोर्ट पुन्हा काढून वाचला. डाव्या शिरेचं माप कुठेच नाही. उद्या सोनोग्राफीवाल्यांना फोन करते.