ब्लूग्रास, जॅझ आणि क्रूनर: कान नेमका कुठे लावायचा?

कोमलनिषाद:
ब्लूग्रासमध्ये (अमेरिकेतलं बँजो-मेंडोलिनवालं लोकसंगीत) सगळेच सुसाट सुटल्यासारखे वाटतात, जॅझमध्ये मूळ चाल हाताला लागत नाही आणि फ्रँक सिनात्रासारखा क्रूनर (माइकवर हळुवार गाणारा गायक) ऐकताना वाटतं, गुळगुळीत आहे, पण यात थोर ते काय? कृपया 'सगळंच ऐका' म्हणू नका. मोजकी नावं सांगा आणि ऐकायचं काय तेही.

खर्जातला:
गुळगुळीत म्हणालात ना, मग तिथूनच सुरुवात. पूर्वी गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागे. माइक आला आणि बिंग क्रॉस्बीनं हेरलं, की आता कानाशी बोलल्यासारखं गाता येईल. सिनात्राची गंमत श्वासात आहे. 1940 ते 1942 तो टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये गात होता. डॉर्सीच्या ट्रॉम्बोनची ओळ लांबच लांब चालायची, मध्ये कुठे तुटायचीच नाही. ती युक्ती सिनात्रानं गळ्यात उतरवली. त्याचं एखादं संथ गाणं लावा, शब्द सोडून द्या आणि तो श्वास कुठे घेतो तेवढंच शोधा. दुसरा कुणी जिथे थांबला असता, तिथून हा पठ्ठ्या सरळ पुढच्या ओळीत शिरतो.

जॅझसाठी लुई आर्मस्ट्राँगचं 1928चं 'वेस्ट एंड ब्लूज'. सुरुवातीला नुसता ट्रम्पेट, साथीला कुणी नाही. त्यानंतर चाल बरीचशी सरळ येते, ती डोक्यात पक्की करा म्हणजे पुढे हरवणार नाही. शेवटच्या आवर्तनात तो वरचा एकच सूर धरून ठेवतो, सोडतच नाही! बाकीचे खाली चालत राहतात. मला तर त्या जागी दरवेळी वाटतं, आता हा बेशुद्ध पडणार. अर्ल हाइन्सचा पियानोही सोडू नका.

ब्लूग्रासमधलं मला फार कळत नाही, जाणकारांनी लिहावं.

मेंडोलिनवेडा:
+१. ब्लूग्रासचं मी सांगतो. ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मन्रोच्या बँडमध्ये 1945च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज आला. अंगठा आणि दोन बोटं वापरून तो बँजोतून सुरांची सर लावायचा. सगळे त्यावरच भाळतात. तुम्ही मात्र आधी मन्रोचं मेंडोलिन पकडा. या बँडमध्ये ड्रम नसतो. बास ठोक्यावर वाजतो आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागी मेंडोलिनचा 'चॉप': तारा छेडल्या की दाबलेली बोटं लगेच सैल करायची, म्हणजे सूर मरतो आणि खट् तेवढं उरतं. ते खट् सापडलं की सुसाट वाटणारं सगळं जागच्या जागी बसतं.

खर्जातला:
वा! मग नॅट किंग कोलही घ्या. जग त्याला मखमली आवाजाचा गायक म्हणून ओळखतं, पण मुळात तो जबरदस्त जॅझ पियानिस्ट. 1937च्या सुमारास जमवलेल्या त्याच्या ट्रिओत पियानो, गिटार आणि बास. ड्रम तिथेही नाही.

कोमलनिषाद:
चॉप लगेच सापडला. सिनात्राचा श्वास अजून शोधतोय. कोलची आधी गाणी ऐकू की नुसतं वादन?

खर्जातला:
वादन. गाणी कुठे पळून जातात!