पाळीच्या दुखण्यावर गोळी नको, हा हट्ट कशासाठी?

चाफेकळी: भाचीला पाळीच्या पहिल्या दिवशी उलट्या होतात, शाळा बुडते. घरात मात्र ओव्याचं पाणी आणि 'लग्नानंतर थांबेल आपोआप' हा जप. ओवा द्या, गरम पाण्याच्या पिशवीनं तर खरंच आराम पडतो. पण गोळीचं वावडं का? कळा येतात त्या गर्भाशयात तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या रसायनांमुळे. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड ते तयार होणंच कमी करतात. त्यामुळे असह्य होईपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. दुखू लागताच काहीतरी खाऊन घ्यायची.

जुनी खोड: म्हणजे दर महिन्याला मेडिकलवाल्याकडून मेफ्टाल, म्हणजे तेच मेफेनॅमिक ॲसिड? नोव्हेंबर 2023 मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशन या केंद्राच्या औषधविषयक संस्थेनेच मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सावध केलं होतं. आमच्या पिढीने गोळ्यांवाचून काढलेच ना दिवस!

चाफेकळी: काढले नाहीत हो, सोसले. तो इशारा ड्रेस सिंड्रोमचा, म्हणजे औषधाच्या गंभीर ॲलर्जीचा होता. क्वचित होतो, गोळीनंतर पुरळ, ताप, गाठी सुजणं दिसलं तर बंद करून डॉक्टर गाठायचा. बंदी नव्हती. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, दमा असेल तर मनाने घेऊ नये, एवढं मान्य.

उसाचा फड: डॉक्टर गाठा म्हणे. बीडच्या ऊसतोड बायका पोट दुखतं, अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात गेल्या नि गर्भाशयाची पिशवी काढून आल्या. 2019 मध्ये बोभाटा झाला तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कुणाला सांगताय?

पांढरा ॲप्रन: त्यांनाच आधी सांगायला हवं. गोळीने उतार पडत नाही, महिन्यागणिक दुखणं वाढतंय, पाळी नसतानाही ओटीपोट दुखतं, शौचाला किंवा संबंधाच्या वेळी दुखतं, तर एंडोमेट्रिऑसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) शंका घ्यावी. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून तो नाहीच, असं नसतं. तासातासाला पॅड भिजतंय, दुखण्यासोबत ताप आहे, किंवा पाळी चुकलीय आणि पोटात जोराची कळ आहे, तर सकाळची वाट बघू नका. पिशवी काढणं हा पहिला उपाय नव्हे. आधी औषधं, हार्मोनच्या गोळ्या. कुणी थेट ऑपरेशन सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

उसाचा फड: दुसरं मत घ्यायला तालुक्याला जायचं म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापतो. कोयता जोडीचा असतो, बाई गेली की नवऱ्याचंही काम अडतं. गोळ्या आणि तपासणी फडावर आणा, मग ओवा की मेफ्टाल ते बोलू.