प्रति: तीन-चार बिअर आरामात घ्यायच्या तर कोणती?

'गच्चीवर चौघं बसणार, तीन-चार आरामात जातील अशी बिअर सुचवा' यावर वर सगळ्यांनी ब्रँड सांगितले. मी म्हणतो, आधी बाटलीवरचा अल्कोहोलचा टक्का वाचा. आपल्याकडची स्ट्राँग ८ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे ६५० मिलीच्या एका बाटलीत साधारण ५२ मिली निव्वळ अल्कोहोल. किंगफिशर प्रीमियम ४.८ टक्के, त्याच्या ३३० मिलीच्या पाइंटमध्ये १६ मिलीसुद्धा नाही. तीन पाइंट रिचवले तरी एका स्ट्राँगच्या खालीच! पण आमच्या ग्रुपला स्ट्राँगच 'पैसा वसूल' वाटते आणि पहिल्या तासातच एक जण भिंतीला टेकून घोरतो.

गव्हाची बिअर मला आवडते, तो केळं-लवंगेसारखा वास मस्तच. पण दुसऱ्या ग्लासाला पोट भरतं. बैठक लांबवायची तर साधी लागरच (किंगफिशर प्रीमियमसारखी हलकी बिअर) घ्या. त्यात चखण्याला नाशिकचा चिवडा, वर कच्चा कांदा, लिंबू... तिखटावर गार लागरसारखं काही नाही. फक्त चिवड्याच्या मिठाने तहान वाढते आणि माणूस बिअर पाण्यासारखी ढोसतो, म्हणून पाण्याचा जग मध्येच ठेवा. परतताना रिक्षा.

गच्ची कॉलेज रोडच्या आसपास असेल तर कळवा, चिवडा मी आणतो.