नेपाळमध्ये वीटभट्टीवरच्या मुलांसाठी शाळेनंतरचा वर्ग सुरू करायचाय, माहिती हवी

मुलुंडची_ऋता
नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे पण वाचा प्लीज. मी ऐरोलीला आयटीत आहे, पुढच्या वर्षी जून ते ऑगस्ट बिनपगारी रजा मिळतेय आणि मला ती परदेशात मुलांसाठी काम करण्यात घालवायचीये. एका एजन्सीने काठमांडूजवळचं काम दाखवलंय, वीटभट्टीवर काम करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर दोन-तीन तासांचा वर्ग उभा करायचा, खेळ, चित्रं, गोष्टी, थोडा अभ्यास. त्यांच्याकडे अनाथाश्रमाचाही पर्याय आहे, तिथे म्हणे कधीही या, लगेच जागा आहे. फी राहणं-खाणं धरून लाखाच्या वर, विमानाचं तिकीट वेगळं. घरी आई म्हणतेय, इथली मुलं संपली का, आपल्या डोंगराकडच्या वस्तीत जा की. तिचं चूक नाहीये आणि मला जायचंय हेही खरंय. शिकवण्याचं शिक्षण माझ्याकडे नाही, लहानपणी सेवा दलाच्या शाखेत जायचे तेवढंच. तेवढ्यावर चालेल का? एजन्सीला काय काय विचारू?

मानखुर्द_वर्गताई
ऋता, आधी अनाथाश्रमाचं सांगते, तो पर्याय आजच काढून टाक. नेपाळमधली बहुतेक बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखरा, चितवन अशा ठिकाणी आहेत, म्हणजे जिथे पर्यटक जातात तिथे, अनाथ मुलं काय फक्त तिथेच जन्माला येतात का? हुमलासारख्या दुर्गम भागातून दलाल आईवडिलांना सांगतात की मुलाला शहरात चांगली शाळा देतो, पैसे घेतात, मुलगा आणून आश्रमात ठेवतात आणि परदेशी पाहुण्यांना अनाथ म्हणून दाखवतात. बऱ्याच मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात. पाहुणे येत राहतात, पैसे येत राहतात, म्हणून मुलं आणली जात राहतात. युनिसेफने यावर उघड इशारा दिलेला आहे. जी संस्था पोलीस पडताळणी न करता "कधीही या" म्हणते तिच्याकडे मुलं सुरक्षित नाहीत, एवढं एकच लक्षण मला पुरे आहे.

आता वर्गाचं. मी वस्तीत संध्याकाळचा वर्ग घेते, बरीच वर्षं, त्यामुळे हे कळकळीने लिहितेय. वर्ग सुरू करणं अवघड नाहीच, कागद रंग चेंडू घेतले की पहिल्या आठवड्यात गर्दी होते. अवघड आहे ते तिसऱ्या महिन्यात मुलं येत राहणं. आमच्याकडे पाणी यायची वेळ आणि वर्गाची वेळ एक झाली की मुली गायब, कारण हंडे त्यांनीच भरायचे. धाकटं भावंड कडेवर असेल तर मोठी बहीण दारातूनच बघत उभी राहते, म्हणून आम्ही धाकट्यांसाठी कोपऱ्यात वेगळी सतरंजी टाकायला लागलो आणि मुलींची संख्या वाढली. पालिकेच्या शाळांना सकाळचं आणि दुपारचं अशी दोन सत्रं असतात, एका वेळेचा वर्ग ठेवला की अर्धी वस्ती आपोआप बाहेर. हे सगळं बाहेरून येणाऱ्या माणसाला कसं कळणार, ते तिथल्याच बाईला कळतं. म्हणून तू मुलांना शिकवायला जाऊ नकोस, तिथल्या दोन-तीन मुलीबायांच्या जोडीला जा, ज्या तू परत आल्यावरही वर्ग चालवतील. पहिल्या दिवसापासून मुलांसमोर त्याच उभ्या राहायला हव्यात, तू मागे.

आणि जूनमध्ये जाऊ नकोस गं!! वीटभट्टी पावसात बंद असते, नेपाळमध्येही तसंच, दसैं-तिहार (त्यांचे दसरा-दिवाळी) झाले की भट्ट्या पेटतात आणि पावसाच्या आधी कुटुंबं गावी परततात. तू पोचशील तेव्हा मुलंच नसतील. एजन्सीने हे सांगितलं नसेल तर त्यांनी ती भट्टी पाहिली तरी आहे का विचार.

पराग_दादर
ताई, अनाथाश्रमाबद्दल एवढं कडक बोलू नका असं वाटतं. सगळेच आश्रम तसे नसतात, आणि आहेत त्या मुलांना कोणी जाऊन चार दिवस माया दिली, खेळवलं, तर त्यात वाईट काय? हेतू चांगला आहे ना माणसाचा.

मानखुर्द_वर्गताई
पराग, सगळे तसे नसतात हे मान्य. पण जो आश्रम नीट चालतो तो अनोळखी माणसाला मुलांच्या खोलीपर्यंत येऊच देत नाही. आणि चार दिवसांच्या मायेचं म्हणाल तर त्या मुलाच्या बाजूने बघा ना, दर महिन्याला नवीन ताई येते, गळ्यात पडते, फोटो काढते, निघून जाते, आणि मग पुढची. आपलं घर सुटलेलं मूल आहे ते, त्याला पुन्हा पुन्हा सोडून जायचं का? कंबोडियात फ्रेंड्स इंटरनॅशनल या संस्थेने मुलं ही पर्यटनस्थळं नाहीत अशी मोहीमच चालवली होती ती याचसाठी. आईबापांजवळ राहणाऱ्या मुलांसाठी शाळेनंतरचा वर्ग हा मला म्हणूनच जास्त पटतो, संध्याकाळी मूल आपल्या घरी जातं.

पराग_दादर
हे असं डोक्यातच आलं नव्हतं. पटलं.

नैरोबी_रिटर्न_सुहास
माझा मुद्दा वेगळा आहे. नोकरीमुळे नैरोबीत राहिलोय आणि तिथे माथारे वस्तीत एमवायएसए म्हणजे माथारे युथ स्पोर्ट्स असोसिएशनचं काम बघायला मिळालं. १९८७ ची संस्था, सुरुवात एका कॅनेडियन माणसाने केली, पण थोरली मुलंच धाकट्यांचे कोच, पंच, संघटक होत गेली आणि त्यावरच ती उभी आहे. त्यांच्या फुटबॉल लीगमध्ये सामने जिंकल्याचे गुण मिळतात तसे वस्तीतला कचरा साफ केल्याचेही मिळतात, म्हणजे गटारं न उपसता नुसते सामने जिंकून टेबलात वर जाता येत नाही. कसली भारी कल्पना आहे ही, आणि खर्च किती, एक बॉल आणि फावडी! लांब कशाला, आपल्या मुंबईत मॅजिक बस १९९९ मध्ये सुरू झाली ती रस्त्यावरच्या मुलांना रग्बी शिकवण्यातून, तीसुद्धा एका ब्रिटिश माणसाने. त्यामुळे परदेशी माणूस काही करूच शकत नाही असं मी म्हणणार नाही, पण हे लोक तिथे राहिले, वर्षानुवर्षं. ऋताकडे तीन महिने आहेत तर तिने तीन महिन्यात पुरं होईल असंच काम घ्यावं. थोरल्या मुलामुलींना खेळ घ्यायला तयार करणं, हजेरी आणि सामानाची साधी वही लावून देणं, रोजच्या खेळांची एक वही लिहून ठेवणं वगैरे. आयटीवाली आहेस, हिशोब नीट लावून दिलास तरी संस्थेला खूप मदत होईल.

कागदपत्र_काका
भावना झाल्या, आता कागद. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र ठेवा, १५ ते ६५ वयाच्या माणसांना आधार चालत नाही, एअरपोर्टवर अडवतात. मुलांबरोबर काम आहे तर पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढा, संस्थेने मागितलं नाही तरी काढा. तिथली संस्था नेपाळच्या समाज कल्याण परिषदेशी संलग्न आहे का ते विचारा आणि कागद मागवा. फीपैकी किती पैसे त्या संस्थेला जातात हे लेखी घ्या, तोंडी नको. पैशाचं सोपं आहे, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. उद्या कोणी केनियाला जाणार असेल तर यलो फीवरची लस प्रवासाच्या निदान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातूनच, त्याचं कार्ड परत येताना इथे दाखवावं लागतं.

मुलुंडची_ऋता
सगळ्यांचे खूप खूप आभार, डोळे उघडले अगदी. एजन्सीला फोन केला. भट्ट्या पावसात बंद असतात का विचारलं तर म्हणाले बघून सांगतो, आणि फीचं लेखी द्यायला तयार नाहीत, त्यामुळे त्यांना नाही म्हणून टाकलं. ऑफिसमध्ये रजा दिवाळीनंतर ढकलता येईल असं वाटतंय. आता थेट तिथल्या संस्थेशीच बोलायचंय. भाषेचं काय करू पण? नेपाळी येत नाही, हिंदी कितपत चालते?

सिंधुली_फॅन
हिंदी बऱ्याच जणांना समजते, पण मुलांशी नेपाळीच हवी, आणि तुला ती पटकन येईल कारण लिपी देवनागरीच आहे, बालवाडीचं पुस्तक पहिल्या दिवशी वाचू शकशील. आणि खेळांत तर आपण भाऊ-बहीण! त्यांचा डन्डी बियो म्हणजे अगदी आपल्या विटीदांडूसारखा. खो-खो तर विचारूच नको, जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्डकप झाला त्यात पुरुष आणि महिला दोन्ही फायनल भारत विरुद्ध नेपाळच होत्या (जिंकलो आपण). साहित्य शून्य, मैदान भट्टीशेजारचं, अठरा मुलं एका डावात गुंततात आणि मुलींना मुलांइतकंच पळता येतं. तू शाखेत खेळली असशीलच, तो अनुभव चालेल का विचारलंस ना, तोच तर लागतो. खांब काय, दोन बांबू.

मानखुर्द_वर्गताई
अगदी बरोबर. आणि अजून एक, भट्टीवरच्या मुलांसाठी आपल्याकडे झालेलं काम आधी समजून घे. वसई-भिवंडीकडच्या भट्ट्यांवर भोंगाशाळा (भोंगा म्हणजे भट्टीवरची तात्पुरती झोपडी) चालवल्या गेल्या, आणि त्याच्या कितीतरी आधी कोसबाडला ताराबाई मोडकांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा कुरणावर. नेपाळमध्ये शाळेचं वर्ष वैशाखात सुरू होतं आणि भट्टीवरची मुलं दिवाळीनंतर येऊन पावसाआधी जातात, म्हणजे वर्षाच्या मधेच गावची शाळा सुटलेली असते, इकडे नाव घातलेलं नसतं. त्यामुळे "शाळा सुटल्यावर" हे किती मुलांना लागू होतं ते संस्थेला पहिल्याच फोनवर विचार. बऱ्याच जणांची दुसरी कुठली शाळाच नसेल तर नुसते खेळ पुरणार नाहीत, जवळच्या शाळेत नाव घालण्यासाठी कोण धावपळ करतं हेही विचार.

मुलुंडची_ऋता
हे विचारलंच नसतं मी. ताई, जायच्या आधी तुमच्या वर्गावर येऊन शिकता येईल का? संध्याकाळी ऐरोलीहून निघाले की वाशीवरून मानखुर्द फार लांब नाही. आईलाही सांगितलंय, ती म्हणाली मग मीही येते, तिला भरतकाम छान येतं.

मानखुर्द_वर्गताई
दोघी या. पण हौस म्हणून एक दिवस नको, आठवड्यातला एक वार ठरवा आणि तो पावसाळाभर चुकवू नका, मुलं वाराची वाट बघतात. फोटो काढायचे नाहीत, खाऊ वेगळा आणायचा नाही, सगळ्यांना मिळतो तोच. आईंना म्हणावं सुया बोथट टोकाच्या आणा आणि जाड कापड आणा, नव्या मुली पहिल्या दिवशी धागा खूप ओढतात. पत्ता मेसेज करते, पाचचा वर्ग आहे, साडेचारला या म्हणजे आमच्या कार्यकर्त्या मुलींशी आधी बोलता येईल, वर्ग त्याच घेतात.