ड्रायर फिरतोय, पण तापत नाही. उघडू का?

उसवण_टीप:

नमस्कार मंडळी. घरात कपडे वाळवायचा ड्रायर आहे. गरम हवेचा, मागून जाड पाइप निघून भिंतीबाहेर जातो, तसला. नऊ वर्षं झाली त्याला. परवा टॉवेल टाकले, तासाभराने दार उघडलं तर टॉवेल ओले आणि गार. ड्रम फिरतोय, आतला दिवा लागतोय, टायमर टिकटिकत पुढे सरकतोय, हवाही येतेय. ऊब तेवढी नाही.

मी शिवणकाम करते. शिलाई मशीन पूर्ण उघडून, तेलपाणी करून परत बसवते. शटल, टेन्शन, पट्टा, मोटरचे कार्बन, सगळं. त्यामुळे पान्या-पेचकसाची भीती नाही. भीती आहे ती विजेची. भावाने दिलेला एक मल्टिमीटर पडून आहे. आजवर त्याचा उपयोग घड्याळाचा सेल संपलाय का हे बघायला केला आणि आता त्याचाच सेल संपलाय.

घरच्यांचं मत, नवा घ्या. माझं मत, आत काय आहे ते बघितल्याशिवाय कुठलीही वस्तू दाराबाहेर जाणार नाही.

हो, एक राहिलंच. गेले काही महिने हा जरा रेंगाळत होता. आधी टॉवेल तासाभरात व्हायचे, हल्ली पावणेदोन तास लागायचे. मी म्हटलं, वय झालं बिचाऱ्याचं. कुठून सुरुवात करू?

घाईत_आहे:

स्पिनचा कपॅसिटर गेला असणार. झाकणाखालचा स्विच आणि ब्रेकची वायर पण बघा. आमचा असाच झालेला, अर्ध्या तासाचं काम.

उसवण_टीप:

अहो, तो सेमीऑटोमॅटिकचा पिळायचा ड्रायर झाला. माझा वाळवायचा आहे. पिळून झालेले कपडे यात टाकतात. आणि फिरतोय तो, छान फिरतोय.

घाईत_आहे:

अच्छा. मग मला नाही माहीत.

निवृत्त_तारतंत्री:

ताई, तुम्ही लिहिलंय त्यातच अर्धं निदान आहे. ड्रम फिरतोय म्हणजे मोटर, पट्टा आणि दाराचा स्विच ठीक. हवा येतेय म्हणजे पंखा ठीक. उरतं काय, तर तापवणारं एलिमेंट आणि त्याच्यावर पहारा देणारी मंडळी. (काही मशिनींत फ्यूज उडाला की मोटरही थांबते. तुमची तशी नाही.) उघडण्याआधी एकदा बटण गार हवेवर तर नाही ना, हे बघा. हसू नका, या एका कारणासाठी मी लोकांच्या घरी जिने चढलो आहे.

आता उघडायचं. प्लग सॉकेटमधून काढून हातात घ्यायचा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. काढलेला प्लग मशीनवर ठेवा, म्हणजे काम करताना तो डोळ्यांसमोर राहील. मागचं पॅनेल काढताना हातमोजे घाला, कारण त्या पत्र्याच्या कडा सुरीसारख्या असतात. आणि एकही वायर काढण्याआधी मोबाइलने फोटो. जवळून एक, लांबून एक.

तुमच्यासारख्या मशिनीत बहुतेक मागच्या बाजूला पत्र्याची एक पेटी असते. एलिमेंट त्यात. पेटीवर किंवा शेजारी बटणाएवढ्या दोन गोल चकत्या दिसतील, प्रत्येकीला दोन-दोन वायरी. एक थर्मोस्टॅट. तापलं की तोडतो, निवलं की जोडतो, आयुष्यभर हेच काम. दुसरा कटआउट, म्हणजे थर्मल फ्यूज. तो एकदा तुटला की तुटला. काही मशिनींत मात्र कटआउटवर मधोमध छोटं रीसेट बटण असतं. असेल तर दाबून बघा, टक् असा आवाज येईल.

मोजण्याची रीत सांगतो. जो भाग मोजायचा, त्याची निदान एक वायर सुटी करायची. नाहीतर मीटरला दुसऱ्या वाटेने आकडा मिळतो आणि आपण फसतो. वायर ओढून काढू नका, थिंबल (वायरीच्या टोकाचा धातूचा जोड) पकडून काढा. फ्यूज आणि थर्मोस्टॅट, दोन्ही थंड असताना मीटरने बीप द्यायला हवं. न दिलं तर तो भाग गेला.

एलिमेंटचा हिशेब सोपा आहे. मशीनवरच्या माहितीच्या पट्टीवर हीटरचे वॅट लिहिलेले असतात. २३० गुणिले २३०, भागिले वॅट. २००० वॅट असेल तर साधारण २६ ओहम, २५०० असेल तर २१ च्या आसपास. आकडाच आला नाही तर एलिमेंटची कॉइल तुटली. मग मीटरची एक काडी एलिमेंटच्या टोकावर आणि दुसरी पेटीच्या पत्र्यावर. इथे काहीही दिसता कामा नये. दिसलं तर कॉइल खाली लोंबून पत्र्याला टेकली आहे, मग ते एलिमेंट बदलल्याशिवाय प्लग लावायचा नाही.

माझा अंदाज मात्र फ्यूजचा आहे. कारण तुमचा पावणेदोन तासांचा टॉवेल. वाट तुंबली की हवा कमी जाते. एलिमेंट उष्णता तेवढीच देतं, म्हणून जी थोडी हवा जाते ती जास्त तापते. थर्मोस्टॅट लवकर तोडतो, मग जोडतो, परत तोडतो. म्हणजे एलिमेंट निम्मा वेळ बंदच, त्यात ओलावा वाहून न्यायला हवा कमी. टॉवेल वाळणार कधी? असं महिनोन्महिने चालतं आणि एक दिवस उष्णता कटआउटच्या मर्यादेबाहेर जाते. फ्यूज क्वचित वयोमानाने जातो, पण बहुधा कुणीतरी त्याला मारलेलं असतं. आधी तो मारेकरी शोधा. पिंज अडवणारी जाळी, पंख्याचं घर, पाइप आणि बाहेरच्या तोंडाची झडप, या क्रमाने.

जुगाड_जिंदाबाद:

एवढं कशाला? फ्यूजच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडायच्या, वरून टेप. आमचा दोन महिने झाले मस्त चाललाय.

निवृत्त_तारतंत्री:

दोन महिने काही झालं नाही, म्हणजे दोन महिने तुमच्या थर्मोस्टॅटचे तोडणारे-जोडणारे पॉइंट चिकटले नाहीत. एवढाच त्याचा अर्थ. ज्या दिवशी चिकटतील त्या दिवशी तोडणारं कुणी नसेल, आणि त्या पेटीच्या आजूबाजूला कापसाची पिंज साचलेली असते. पिंजेला पेटायला किती वेळ लागतो, ते चिमूटभर घेऊन बाहेर उघड्यावर करून बघा. ताई, "फक्त चाचणीपुरतं" म्हणूनसुद्धा हे करू नका. चाचणीला मीटर आहे.

उसवण_टीप:

काका, (काका म्हटलं तर चालेल ना?) रविवारी उघडला.

आधी मीटरलाच नवा सेल घातला. मग ड्रायर ओढायला गेले तर तो हलेना. हलला तेव्हा मारेकरी समोरच उभा. पाइप! चार महिन्यांपूर्वी कापड कापायचं टेबल मोठं केलं, त्याला जागा हवी म्हणून ड्रायर मीच गुडघ्याने ढकलून भिंतीला टेकवला होता. पाइपची अशी सपाट घडी झाली होती की इस्त्री करून बॉक्स प्लीट घातल्यासारखी. वय झालं वगैरे काही नाही, माझा गुडघाच.

पाइप सोडवून आत हात घातला आणि पिंज काढत बसले. मूठभर, मग आणखी मूठभर, मग ओंजळ, मग अख्खी पिशवी. आणि गंमत म्हणजे मला ती वाचता येत होती. वरचा थर राखाडी. खाली लाल, ते सुती कापड मी दिवाणाच्या खोळींसाठी आणलं होतं. त्याखाली हळदी पिवळा. घरी इतकी पिंज का, ते तिथेच उलगडलं. मी कापड बेतण्याआधी धुऊन, ड्रायरमध्ये वाळवून आटवून घेते, म्हणजे शिवल्यावर आटत नाही. पण त्याच्या कापलेल्या कडा उघड्या असतात. प्रत्येक वेळी धागे सुटतात आणि जाळीतून निसटून पाइपात जातात.

आता मोजणी. आधी दहा मिनिटं मीटरवर आकडे नुसतेच नाचत होते, कुठेही लावा, काहीतरी येतच होतं. मग लक्षात आलं, काड्यांची टोकं मी बोटांनी घट्ट धरली होती. स्वतःलाच मोजत होते. नीट धरल्यावर: एलिमेंट २७.४ ओहम (पट्टीवर २००० वॅट आहे), एलिमेंट ते पत्रा काही नाही, थर्मोस्टॅट बीप. फ्यूज ढिम्म. वायर काढून तीनदा बघितलं, ढिम्म.

हातमोजे घातले नव्हते. डाव्या अंगठ्याला पत्रा लागलाच.

निवृत्त_तारतंत्री:

काका चालेल, आवडेल. २७.४ म्हणजे एलिमेंट उत्तम, काड्यांचा स्वतःचाही थोडा रोध त्यात येतो. फ्यूज मागवताना दाराच्या चौकटीवरचा मॉडेल नंबर द्या, दिसायला सारखा म्हणून कुठलाही नको. जुन्या चकतीवर तापमानाचा आकडा छापलेला असतो, तोच हवा. बऱ्याच मॉडेलला फ्यूज आणि थर्मोस्टॅटची जोडी मिळते. मिळाली तर दोन्ही बदला, थर्मोस्टॅटनेही चार महिने अंगमेहनत केली आहे.

थिंबल ढिली वाटली तर बदलून घ्या. ढिल्या जोडाला उष्णता होते आणि तो काळा पडतो. तुम्ही धागा ओढून टाका बघता, तसं थिंबल बसवल्यावर हलकेच ओढून बघायचं.

पाइप तसाच परत लावू नका. घडी पडलेला पाइप पुन्हा तिथेच मुडपतो. शक्य तितका आखूड, धातूचा, कमीत कमी वळणांचा. प्लॅस्टिकचा अजिबात नको. जोडाला पट्टी आवळा, स्क्रू मारू नका. स्क्रूचं टोक आत निघतं आणि पिंज त्यालाच लटकून जमत जाते.

मऊसूत:

मध्येच विचारते, माफ करा. माझा हीट पंपवाला आहे. त्याला पाइपच नाही, पाणी टाकीत जमतं. तोही हल्ली रेंगाळतो आणि कधी कधी कपडे दमट असतानाच "झालं" म्हणून थांबतो. मलाही मागचं पॅनेल काढावं लागेल का?

निवृत्त_तारतंत्री:

तुम्ही पॅनेलला हात लावू नका. त्यात फ्रिजसारखा कॉम्प्रेसर आणि बंद नळ्यांमध्ये गॅस असतो. कित्येक नव्या मॉडेलांत तो आर-२९० असतो, म्हणजे चक्क प्रोपेन. तुमचं काम पुढूनच होईल. रेंगाळत असेल तर जाळी आणि खालच्या झडपेमागची बारीक पंखांची जाळी साफ करा, पंख वाकवू नका. काही मॉडेलांत तो भाग उघडता येत नाही, तिथे पुस्तिकेत सांगितलं आहे तेवढंच करा.

दमट असताना थांबणं ही वेगळी भानगड. ड्रममध्ये दाराजवळ धातूच्या दोन पट्ट्या दिसतील. ओला कपडा दोन्हींना टेकला की त्यातून किंचित वीज वाहते, त्यावरून मशीनला ओल कळते. सॉफ्टनरचा पातळ थर त्या पट्ट्यांवर बसला की मशीनला वाटतं, वाळलं सगळं. स्पिरिटच्या फडक्याने पुसा.

मऊसूत:

पट्ट्या पुसल्या. फडकं पिवळं निघालं! आज चादरी पूर्ण वाळून मगच थांबला. धन्यवाद.

उसवण_टीप:

मऊसूतताईंचं वाचून मी माझी जाळी नळाखाली धरली. दिसायला स्वच्छ होती, रोज पिंज काढते मी. पण पाणी जाळीतून खाली पडेचना, वाटीत साठावं तसं वर उभं राहिलं. सॉफ्टनरचाच थर. साबण आणि जुन्या दातांच्या ब्रशने घासली, मग पाणी सरळ खाली. नऊ वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बहुधा पुस्तिकेत असेल, ती मशीनच्या मागेच सापडली, पिंजेत गुंडाळलेली.

पंख्याच्या घरात बोटभर थर होता, तो व्हॅक्यूमने काढला. काल फ्यूज आणि थर्मोस्टॅटची जोडी आली. बसवायला दहा मिनिटं, फोटो शोधायला वीस. नवा पाइप सरळ आहे, आणि त्याला जागा मिळावी म्हणून टेबल चार बोटं कापलं. करवत मीच धरली, कारण ढकलणारा गुडघाही माझाच होता.

कापडाच्या कडांना आता धुण्याआधीच झिगझॅग मारून घेते.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा प्लगपाशी हात ठेवून उभी होते. पाच मिनिटांत काच कोमट झाली. बाहेर जाऊन झडपेपुढे हात धरला, तर गरम दमट वाफ अशी जोरात येत होती की तिथली वाळकी पानं उडाली. टॉवेल बावन्न मिनिटांत कडक.

एकच शंका आहे, काका. सगळं बसवल्यावर एक छोटा स्क्रू उरलाय. पॅनेलचे सगळे मोजले, अकराच्या अकरा जागेवर. पेटीचे चारही आहेत. हा त्यांच्यापेक्षा बारीक आहे, काळा. फोटो चारदा बघितले, कुठेच भोक रिकामं दिसत नाही. तोवर ड्रायर वापरू की नको?

निवृत्त_तारतंत्री:

नका वापरू. सुटा स्क्रू कुठून आला हे कळेपर्यंत प्लग काढून ठेवा. थर्मोस्टॅटच्या पट्टीचा नाही ना? त्याला दोन असतात. दाराच्या बिजागरीचेही बघून घ्या.

उसवण_टीप:

थर्मोस्टॅटचे दोन्ही आहेत. बिजागरीला मी हातच लावला नव्हता, तरी मोजले.

सापडलं. आत्ता मल्टिमीटर डब्यात ठेवायला उचलला तर त्याचं मागचं झाकण हातात आलं. सेल बदलला होता ना.