मदत हवी आहे: मनाली-लेह सायकलने, गिअर पुरतील का?

घामट_चिंचवडकर

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज गळ्याशी आलंय म्हणून लिहितोय. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मी आणि दोन मित्र मनाली ते लेह सायकलने जातोय, जमलं तर शेवटी लेहच्या पुढची खारदुंगला खिंड (ला म्हणजे खिंड). तिघंही चाळिशी ओलांडलेले, मी ४७. तिकिटं काढून झालीत, घरी सांगूनही झालंय (ते जास्त अवघड होतं). सपोर्ट गाडी नाही, सामान आपलं आपण, मागच्या कॅरिअरला दोन पॅनिअर (बाजूला लटकवायच्या पिशव्या), काट्यावर ठेवले तर १४ किलो भरले आणि त्यात बाकरवडी अजून धरलेली नाही.

तयारी म्हणाल तर डिसेंबरपासून दर रविवारी सिंहगड, महिन्यातून एकदा वाई-पाचगणी, आणि एक २०० ची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची २०० किमीची राइड), साडेतेरा तासांची मुदत असते ती १३ तास १० मिनिटांत कशीबशी. एवढ्यावर मी स्वतःला बऱ्यापैकी तयार समजत होतो. पण परवा पहिल्यांदाच सगळं सामान लादून वाईचा पसरणी घाट चढलो आणि हवाच गेली राव. वाई ते पाचगणी चढ जेमतेम पावणेसहाशे मीटरचा, तरी सगळ्यात हलक्या गिअरवर पाय फिरेनात, चार वेळा उतरून ढकलली, एक टेम्पोवाला शेजारी येऊन "काका, टाका मागे" म्हणाला. आणि तिकडे मनाली २,०५० मीटर, रोहतांग ३,९७८. म्हणजे तीन पसरणी एकावर एक रचल्या तरी थोडं उरतंच, आणि हा फक्त पहिला ला.

सायकल हायब्रिड आहे, पुढे ४८-३८-२८ दात्यांच्या रिंगा, मागे ८ स्पीड, ११ ते ३२ दात्यांची चक्रं. दुकानवाला म्हणतो पुरेल, मित्र म्हणतो मागे ११-३४ टाक. काय करू?

प्लॅन असा: मनाली-मढी, मग रोहतांग ओलांडून सिस्सू, मग जिस्पा, जिस्पाहून बारालाचा करून सर्चू, मग पांग, पांगहून तांगलांगला करून रुमत्से, सातव्या दिवशी लेह. तंबू न्यावा का हेही सांगा, तो दोन किलोचा आहे.

तेलकट_चेन

११-३४ ने समाधान मिळेल, चढ नाही मिळणार. हिशेब करून बघा. २८ ला ३२ म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाक ०.८७ फेरा फिरतं, ७०० च्या चाकाचा घेर धरा २.१ मीटर, मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग होतो ताशी ६.६. ३४ लावलंत तर ६.२. आणि सामान घेऊन साडेचार हजार मीटरवर तुम्ही चालणार ४-५ ने, म्हणजे पाय अडकून अडकूनच पडणार, गुडघे बोलायला लागतील ते वेगळं. मागचं राहू दे, पुढची क्रँकच (पायडलचे दांडे आणि रिंगा) बदला, एमटीबीची म्हणजे डोंगरी सायकलची ४२-३२-२२ लावा. २२ ला ३२ म्हणजे त्याच ६० फेऱ्यांत ५.२. मोठ्या-छोट्या रिंगमधला फरक आधीही २० दात्यांचाच होता त्यामुळे मागचं डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारं) तेच चालेल, फक्त पुढचं थोडं खाली उतरवावं लागेल आणि बॉटम ब्रॅकेटचा (क्रँक ज्यावर फिरते त्याचा) अ‍ॅक्सल नव्या क्रँकला जुळतो का ते बघून घ्या. उतारावर ४२ कमी पडेल म्हणाल तर उतारावर पायडल मारायचेच कशाला?

आणि गिअर हँगर (मागचं डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) जास्तीचा घ्या. फ्रेमनुसार वेगळा असतो, मनाली सोडल्यावर लेहपर्यंत मिळणार नाही. ब्रेक पॅडचे दोन जोड, गिअर केबल, क्विक लिंक.

नाकीला_नकोला

गिअरचं वर आलंच आहे, पण दादा तुमचा चौथा दिवस बघा आधी. जिस्पा ३,२०० मीटर, सर्चू ४,२९०. एका रात्रीत झोपायची उंची अकराशे मीटरने वाढवताय. ३,००० च्या वर रात्रीमागे ५०० पेक्षा जास्त वाढवू नका असं डॉक्टर सांगतात आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस बसून काढा म्हणतात. आम्ही पाच जण गेलो होतो तेव्हा हेच केलं होतं जे तुम्ही करताय. आमच्यातला सगळ्यात फिट गडी, ६०० ची बीआरएम मारलेला, सर्चूच्या तंबूत रात्रभर ओकत बसला, आणि मी, सगळ्यात जाडा आणि सगळ्यात हळू, मजेत मॅगी खात होतो. फिटनेसचा आणि उंची लागण्याचा काही संबंध नाही.

सर्चूची गंमत अशी आहे की तिथून खाली जायचं तरी आधी वर जावं लागतं. मनालीकडे पळालात तर बारालाचा ४,८९०, लेहकडे गेलात तर गाटा लूप्सची २१ वळणं, मग नाकीला, मग ५,०५९ चा लाचुंगला. उंची लागल्यावर उतरणं हेच खरं औषध आणि तिथे उतारच नाही. आमच्या गड्याला पहाटे गाडीत घालून जिस्पाला आणला, बारालाचावरून जाताना त्याचे ओठ निळे पडले होते. ते बघितल्यापासून मी एक दिवस वाचवायच्या भानगडीत पडत नाही.

म्हणून केलांगला एक दिवस जास्त रहा, जिस्पानंतर पात्सेओला झोपा, आणि बारालाचा अगदी सकाळी. सकाळी अजून एका कारणासाठी, दुपारी बर्फ वितळून नाल्यांचं पाणी चढतं. मोरे प्लेन्सचा सपाट पट्टापण सकाळी काढा, दुपारी समोरून वारा येतो आणि सपाटीवर ८ च्या वेगाने जाताना रडू येतं. तंबू न्याच, त्याच्यामुळे मधे कुठेही थांबता येतं. रोहतांग मात्र सोडू नका, खालचा अटल बोगदा झाल्यापासून बरीचशी गर्दी त्यातून जाते, आणि चढून परत खाली सिस्सूला झोपणं शरीराला चांगलंच.

घामट_चिंचवडकर

बापरे. सर्चूचं हे डोक्यातच नव्हतं, मी फक्त किलोमीटर मोजत बसलो होतो. तुमच्या हिशेबाने नऊ-दहा दिवस होतात, रजा तेवढी नाही, म्हणजे खारदुंगला कापावा लागेल. एक मित्र लगेच फुगलाय, त्याला तिथल्या पाटीसोबत फोटो पाहिजे होता. त्याच्याशी रात्री बोलतो.

उंची लागू नये म्हणून डायमॉक्सची गोळी सगळेच घेतात म्हणे, पण मला लहानपणी सल्फाच्या गोळीने अंगभर पुरळ उठलं होतं. चालेल का?

कडू_काढा

व्यवसायाने डॉक्टर आहे. डायमॉक्स सल्फोनामाइड गटातलीच आहे, त्यामुळे ही गोष्ट तुमच्या फिजिशियनला समोर बसून सांगा, इथे विचारून घेऊ नका. पुरळ की श्वासाचा त्रास, कोणती गोळी, यावर ठरतं. त्यांनी हो म्हटलं तरी पहिला डोस पुण्यातच घेऊन बघा, बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, सोडा बेचव लागतो, हे घरी कळलेलं बरं. आणि गोळी घेतली म्हणून चढायचा वेग वाढवायचा नाही. डोकं दुखत असताना वर जायचं नाही, त्यात मित्र फुगला तरी.

घामट_चिंचवडकर

धन्यवाद डॉक्टर, सोमवारची अपॉइंटमेंट घेतली. मित्र मानला, पण दहा दिवसांत एक दिवस उरला तर खारदुंगला टॅक्सीने जायचं असं कबूल करून घेतलंय. क्रँक मिळाली, शनिवारी बसवतो आणि रविवारी १४ किलोसकट पुन्हा वाई. हँगर मात्र अडलाय, माझं मॉडेल बंद झालंय आणि कंपनीकडे नाही. पिंपरी-भोसरीकडे जुना नमुना बघून अ‍ॅल्युमिनियममध्ये एखादाच तुकडा काढून देणारं वर्कशॉप कुणाला माहीत आहे का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.